न वाचलेली चिठ्ठी

आमच्या ग्रंथालयाची एक पद्धत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. पुढे जे घडले ते त्या पद्धतीतूनच घडले, आणि ती मोडली मी.

बरकतपुऱ्यातल्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचे दुकान आणि वर दोन खोल्या, असे हे मराठी ग्रंथालय. पुस्तके नेणारे आता थोडे उरले. म्हणून दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता मोठ्या खोलीतली टेबले भिंतीशी लावून तिथे एखादा जुना चित्रपट दाखवतात. पंचवीस-तीस माणसे येतात. काही आमच्यासारखी, तीन-चार पिढ्या या शहरात रुजलेली. काही मराठवाड्यातून नोकरीनिमित्त आलेली आणि इथेच निवृत्त झालेली. काही पुण्यामुंबईहून संगणकाच्या कामासाठी आलेली तरुण मंडळी. पूर्वी चित्रपटानंतर चर्चा होत असे. एकदा ती इतकी तापली की दोन सद्गृहस्थांच्या घरांमधले हळदीकुंकवाचे जाणेयेणे बंद पडले. तेव्हापासून ठरले की बोलायचे नाही, लिहायचे. प्रत्येकाने आपला अभिप्राय चिठ्ठीवर लिहावा, नाव घालू नये, आणि चिठ्ठी घडी करून स्टीलच्या डब्यात टाकावी. मग एकाने त्या सगळ्यांना वाचून दाखवाव्यात.

ते वाचन गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. त्याचेही नियम आहेत. एकही चिठ्ठी गाळायची नाही. आपले मत मिसळायचे नाही. कुणी काहीच न लिहिता कोरा कागद टाकला, तर "कोरी" एवढे म्हणून तोही जाहीर करायचा. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या फाडून बादलीत टाकायच्या, म्हणजे कोणाचे अक्षर कोणाच्या हाती राहत नाही. मला हे काम जड गेले नाही. लहानपणी वडिलांपाशी मी वेदांची संथा घेतली, आणि तिथे पहिला धडा हाच होता की म्हणणाऱ्याने आपले काही घालायचे नाही आणि त्यातले काही सोडायचे नाही. पुढे नारायणगुड्याच्या शाळेत तेहतीस वर्षे संस्कृत शिकवले, तेव्हाही मुलांना हेच सांगत आलो. जे आहे ते, जसे आहे तसे.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून या रविवारांना येते. ती मलकपेठेत राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा अर्धी राहिली. तेव्हापासून ती घराबाहेर पडते ती केवळ या तीन तासांसाठी. तेवढा वेळ तिच्या खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई वर येऊन बसतात. तिला सभासद मीच करून घेतले होते. भावाने बहिणीसाठी काही केले, याचे मला समाधान होते, हे प्रांजळपणे लिहितो.

त्या रविवारचा चित्रपट परदेशी होता, काळा-पांढरा, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा. चित्रपट निवडण्याचे काम एका तरुण मुलीकडे आहे. ती पुण्याहून इथे नोकरीला आली आहे आणि मला काका म्हणते. तिने प्रास्ताविकात सांगितले की हा प्रेमाचा आणि खुनाचा चित्रपट आहे आणि यात कोणीच चांगले नाही. एका बंदराच्या गावी बर्फाचा कारखाना आहे. कारखान्याच्या मालकाची बायको आणि तिथला हिशेबनीस यांचे प्रेम जमते. दोघे मिळून मालकाला बर्फाच्या खोलीत कोंडतात. पुढे दोघांनाही एकमेकांवर विश्वास ठेवता येत नाही, आणि शेवटी ती बाई एकटी, पोलिसांच्या गाडीत, खिडकीच्या काचेवर साचलेले दव बोटाने पुसत निघून जाते. सावल्या फार सुंदर टिपल्या होत्या. भरतमुनींच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला असा प्रश्न पडतो की इथला स्थायीभाव कोणता; रती म्हणावी तर ती भीतीत बुडालेली, आणि भय म्हणावे तर त्याला रतीचा वास. मी त्या विचारात होतो.

माझी एक सवय इथे सांगायला हवी. पडद्यावर आलिंगनाचे प्रसंग आले की मी डोळे मिटतो आणि नामजप करतो. कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. लहानपणापासून मन तसे वळले आहे. संगीत बदलले की प्रसंग संपला असे समजून डोळे उघडतो. त्या दिवशीही चित्रपटाच्या पहिल्या भागात तसा एक प्रसंग आला, मी डोळे मिटले, आणि जपात थोडा अधिक रमलो असावा. उघडले तेव्हा ती बाई रस्त्याने चालत होती आणि कारखान्याचा भोंगा वाजत होता.

चित्रपट संपला. चहा आणि उस्मानिया बिस्किटे झाली. डबा फिरला. मी चष्मा पुसून उभा राहिलो आणि वाचू लागलो.

पहिल्या चिठ्ठीत लिहिले होते की नवऱ्याचा काय दोष होता ते दिग्दर्शकाने दाखवलेच नाही. दुसरीत होते की हिशेबनीस झोपतानाही टोपी काढत नाही, असल्या माणसावर कोण प्रेम करील? लोक हसले. एक चिठ्ठी दख्खनीत होती, नागरी लिपीत लिहिलेली: "हीरो पूरा हौला है, बाई उससे हुशार." हौला म्हणजे खुळा. ती चिठ्ठी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होते. परभणीकडचे एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, दरवेळी दख्खनीतच लिहितात आणि मी वाचताना छताकडे पाहत निष्पाप चेहरा करतात. एकाने लिहिले होते की बाईला फाशी झाली असती तर चित्रपट पूर्ण वाटला असता. दुसऱ्या कुणी, बहुधा तरुण मंडळींपैकी, अडखळत्या मराठीत लिहिले होते की तिच्याजवळ घटस्फोटाचा ऑप्शन नव्हता, हे लक्षात घ्या. मग आणखी आठ-दहा. बहुतेकांचा रोख बाईवर. ती लोभी, ती थंड, ती साप. मी समान स्वरात वाचत गेलो.

मग एक चिठ्ठी हाताला लागली, ती वेगळ्या घडीची होती. दोन्ही टोके आत खोचून केलेली पुडी. आमची आई अंगाऱ्याच्या पुड्या अशा बांधायची. पुडी उघडण्याआधीच मला कळले की ही कोणाची. अक्षर पाहिल्यावर शंकाही उरली नाही. त्या अक्षराला पाटीवर मीच वळण लावले होते. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि मी तेरा.

चिठ्ठीत असे होते:

"त्या बाईने केले ते पापच. पण त्याआधी तिने भावाला फोन केला होता. 'सगळं ठीक ना?' असे तो म्हणाला, आणि तिचे उत्तर यायच्या आधी त्याने फोन ठेवला. त्याच्याविषयी कोणी काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. बर्फाच्या खोलीची कडी लावताना तिचा हात थरथरला नाही. माझा अजून थरथरतो."

हे सगळे मी मनात वाचले. शेवटच्या वाक्यातला "अजून" हा शब्द मला पुढे जाऊ देईना. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माझ्या बहिणीच्या घरची परिस्थिती ठाऊक होती. आजारी नवरा, औषधपाणी, दिवसरात्र ती एकटी. हे वाक्य उच्चारले असते तर ते कोणाचे, हे सांगावे लागले नसते. मी मान खाली घालून ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुढची घेतली. पुढच्या चिठ्ठीत संगीताची स्तुती होती. माझा स्वर बहुधा ढळला नसावा.

कोणाच्या लक्षात आले नाही असे मला वाटले. पण चिठ्ठ्या संपल्यावर मी वर पाहिले, तेव्हा तिसऱ्या रांगेतली माझी बहीण माझ्या खिशाकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ताटात काय वाढून येणार हे आधीच ठाऊक असलेले माणूस जसे ताटाकडे पाहते, तसे ती पाहत होती. मग ती उठली, छत्री घेतली आणि मला नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार करून गेली.

मंडळी पांगल्यावर मी त्या तरुण मुलीला विचारले की या चित्रपटात ती बाई भावाला फोन करते, असे काही आहे का.

"आहे ना काका. तुम्ही पाहिलं नाहीत? अर्धा मिनिटच आहे. कोणी नोटीस पण करत नाही तो सीन."

तिने लॅपटॉपवर तो भाग काढून दिला. आलिंगनाच्या प्रसंगाला लागूनच तो होता. पावसात उभे असलेले फोनचे खोके, आत ती बाई. ती म्हणते, दादा, मी. पलीकडून काटेचमच्यांचे आवाज येतात, घरात जेवणे चालली आहेत. तो म्हणतो, सगळं ठीक ना? ती बोलायला तोंड उघडते आणि तेवढ्यात फोन ठेवल्याचा आवाज येतो. ती काही वेळ रिसीव्हर हातात धरून उभी राहते. मग ती बाहेर येते आणि कारखान्याचा भोंगा वाजतो.

त्या भोंग्याला मी डोळे उघडले होते.

मुलीने मला पाणी आणून दिले. ऊन बाधले का, असे तिने विचारले. मी हो म्हणालो.

आता बहिणीच्या लग्नाविषयी लिहिणे प्राप्त आहे. ते मी जमवले. वडील तेव्हा अंथरुणावर होते आणि घरात निर्णय घेणारा मीच होतो. स्थळ सरकारी खात्यात अधिकारी, घर निर्व्यसनी, मलकपेठेत स्वतःची जागा. पत्रिका मी स्वतः जुळवली. गुण उत्तम जमले. बहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला पुढे शिकायचे होते, पण तिने तसे एकदाच म्हटले. आमच्याकडे मुलींनी एकदाच म्हणायचे असे.

लग्नानंतर सहा वर्षांनी ती एका दुपारी सायकलरिक्षातून आली. बरोबर एक पिशवी होती आणि उजव्या मनगटाला फडके बांधलेले होते. मी दारातूनच पाहिले आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितले. ती आत येऊन बसण्याच्या आधी सांगितले, हे मला पूर्ण आठवते. "पोळलं का?" असे मी विचारले. ती "हौ" म्हणाली. या शहरात आम्ही हो म्हणत नाही, हौ म्हणतो. मी पुढे काही विचारले नाही. तिला एक सुभाषित सांगितले, धैर्याविषयीचे, अन्वय लावून अर्थही सांगितला. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग ती माझ्या पत्नीने दिलेले ताक प्यायली, माझ्या पाया पडली आणि त्याच रिक्षातून परत गेली. मला वाटले, उपदेशाचा परिणाम झाला.

पुढे फोन आले. गुरुवारी सकाळी, यजमान कचेरीत गेले की ती शेजाऱ्यांकडून करायची. मी पूजेतून उठून फोन घ्यायचो. "काय गं?" "काही नाही अण्णा, सहज केला." "बरं आहे ना सगळं? देवाची कृपा." आणि मी पुन्हा पूजेला बसायचो, कारण समई लावलेली असायची. किती वर्षे असे फोन आले, सांगता येत नाही. ते कधी थांबले, हे तर मला मुळीच आठवत नाही, आणि आता त्याचीच अधिक लाज वाटते.

बुधवारी मी मलकपेठेला गेलो. रेसकोर्सच्या अलीकडे तिची इमारत आहे. चिठ्ठी खिशात होती. दार तिनेच उघडले.

"या अण्णा. आज कसं काय?"

"सहज."

"सहज?" ती हसली. "ते मी म्हणायचं असतं."

आतल्या खोलीत मेहुणे खाटेवर पडलेले होते. मी जवळ जाऊन "दाजी, कसे आहात?" असे विचारले. त्यांनी डाव्या हाताने काठी उचलून खाटेच्या कडेवर एकदा आपटली. त्यांची काठीची भाषा ठरलेली आहे. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे इकडे ये. पूर्वी ते हाक मारायचे तेव्हा या घरात भांड्यांचे आवाजसुद्धा थांबत. आता ती काठी आहे. ती पाणी घेऊन आली, चमच्याने पाजले, हनुवटी पुसली. तिच्या हालचालीत मला कुठे तिटकारा दिसला नाही. मायाही दिसली नाही.

स्वयंपाकघरात तिने चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारले, "फाडली का?"

"नाही. खिशात आहे."

"वाचली नाहीत."

"कशी वाचणार? सगळ्यांना कळलं असतं."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

मी म्हणालो की लोक बोलले असते, तिच्या नावाला डाग लागला असता, उद्या दाजींचे काही बरेवाईट झाले तर नको ते अर्थ निघाले असते. हे सगळे मी खरेपणाने म्हणालो. तिने गॅस बारीक केला.

"अण्णा, त्या चिठ्ठीत माझ्याविषयी एक ओळ आहे. बाकी सगळी तुमच्याविषयी. तुम्ही नेमकी कोणती लपवलीत?"

तेहतीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले, आणि उत्तर न देणाऱ्याला उभे केले. त्या दिवशी मी पाटावर बसूनच राहिलो. आतून काठीचे तीन ठोके आले.

बारा वाजले होते, दुपारच्या गोळ्यांची वेळ. ती तीन डब्या घेऊन खिडकीशी गेली आणि खाली वाकून हाक मारली, "अम्मा, रंडि," म्हणजे तेलुगूत 'या'. खालच्या बाई वर आल्या. माझ्याच वयाच्या असाव्यात, कपाळाला मोठे कुंकू. त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या बहिणीने गोळ्या तळहातावर काढल्या आणि हात त्यांच्यापुढे धरला. पाच होत्या. तो हात थरथरत होता, इतका की पांढरी गोळी घरंगळून अंगठ्याशी गेली. त्या बाईंनी एकेका गोळीला बोट लावले, "ऐदु," म्हणजे पाच, असे म्हटले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेल्या.

"रोज?" मी विचारले.

"रोज. तीन वेळा. काइकू बोलावते हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही." गोळ्या घेऊन ती आत गेली.

मला तेव्हा समजले की तिला माझे शहाणपण नको होते, माझी दयाही नको होती. आपल्या हातून एखादी गोळी जास्त जाऊ नये म्हणून त्या हातावर कोणीतरी नजर ठेवावी, एवढी व्यवस्था तिने स्वतः केली होती, आणि ती एका शेजारणीकडून करून घेतली होती, जिची भाषा ती लग्नानंतर मलकपेठेत येऊन शिकली. या व्यवस्थेत भावाची जागा कुठेच नव्हती. ती जागा तिने कधीकाळी मोकळी ठेवली होती.

ती परत आल्यावर मी म्हणालो, "तू माझ्याकडे ये. चार दिवस तरी. दाजींसाठी माणूस ठेवू."

"ह्यांना दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. माणूस ठेवला होता, दोन दिवसांत पळाला." तिने डब्या फळीवर ठेवल्या. "आणि मी आले होते ना एकदा. रिक्षा थांबवून ठेवली होतीत."

चाळीस वर्षांत तिने हा विषय काढला नव्हता. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. मी माझ्या अपराधाविषयी काही बोलू लागलो, तेव्हा तिने हाताने मला थांबवले.

"नक्को अण्णा. ते ऐकून घ्यायचं पण मलाच काम होतं मग."

निघताना मी विचारले की रोज सकाळी फोन केला तर चालेल का. ती म्हणाली, करा. मी विचारले, काय विचारू? हा प्रश्न किती हास्यास्पद होता हे मला तो विचारतानाच कळत होते, पण मला खरोखर ठाऊक नव्हते. तिने दाराच्या कडीकडे पाहिले.

"काही विचारू नका. सकाळच्या गोळ्या दिल्या की मी सांगेन. मी सांगेपर्यंत ठेवू नका फक्त."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आठला फोन करू लागलो. पूजा त्याआधी आटोपतो; समई लावलेली असली तर ती तशीच तेवत ठेवतो. पहिल्या दिवशी तिने फोन उचलला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "सगळं ठीक ना?" ते शब्द हवेत असतानाच मला ते ओळखू आले. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नळ वाहत होता, अम्मांची चप्पल वाजली. मग ती म्हणाली, "दिल्या," आणि फोन ठेवला.

रोज असेच होते. हात थरथरतो की नाही, हे फोनवर ऐकू येत नाही. आणि मी नेमके काय मागावे हेही मला कळत नाही. तो थरथरतो याचे भय वाटते. तो थरथरायचा थांबला तर, या विचाराचे त्याहून मोठे भय वाटते. देवापुढे बसतो तेव्हा दाजींना आयुष्य मागू की तिला सुटका, अशी वेळ येते, आणि मी दोन्ही न मागता नुसता हात जोडून उठतो. इतक्या वर्षांच्या अध्ययनात या दोहोंच्या मधले काही मागण्याचा मंत्र मला सापडलेला नाही. घरात मुलाला आणि सुनेला मी सगळे सांगितले. दोघे भली आहेत. आत्यांना घेऊन या, असे दोघे लगेच म्हणाली. पण येणारीच यायला तयार नाही, तिथे कोणाचा चांगुलपणा काय करणार? मुलाने एका डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, तिच्यासाठी, हाताच्या थरथरीसाठी. ती गेली नाही. हात बरा झाला तर मग कशाला घाबरू, असे ती फोनवर म्हणाली. थट्टा होती की नव्हती, मला कळले नाही.

पुढचा तिसरा रविवार जवळ आला, तेव्हा मी तिला विचारले की मागची चिठ्ठी या वेळी वाचू का. मी ती पोथीच्या रुमालात बांधून ठेवली होती.

"नको," ती म्हणाली. "त्या दिवशीचं त्या दिवशी."

त्या रविवारी विनोदी चित्रपट होता, एका सराईत भोंदूचा, आणि लोक खूप हसले. बहीण आली होती, तिसऱ्याच रांगेत बसली होती. मी एकदाही डोळे मिटले नाहीत. डबा फिरला. मी वाचायला उभा राहिलो. परभणीकडच्या गृहस्थांनी लिहिले होते, "पिक्चर मस्त, बिस्किटां कम." लोक हसले, ते छताकडे पाहू लागले. आणखी चार-पाच झाल्यावर हाताला पुडी लागली. दोन्ही टोके आत खोचलेली.

मी ती उघडली. उलटी करून पाहिली. एक अक्षर नव्हते. कागद मात्र हातात बराच वेळ धरलेला असावा, घामाने मऊ पडला होता.

नियम स्पष्ट आहे. "कोरी," मी म्हणालो.

"हीच सगळ्यात शहाणी, मास्तर," मागून परभणीकर म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. ती हसली नाही. तिने पदर सारखा केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि पुढची चिठ्ठी सुरू होण्याआधी छत्री घेऊन निघाली. तिचे तीन तास भरत आले होते. उरलेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या, फाडल्या, बादलीत टाकल्या. ती कोरीही फाडली, कारण नियम तसा आहे, आणि एकदा मी तो मोडला होता.

सोमवारी आठला फोन केला. तिने उचलला. नळ वाहत होता, मग थांबला. खाली कोणी तेलुगूत भाजीवाल्याला हाक मारीत होते.

"दिल्या," ती म्हणाली.

मी ठेवला नाही. तिनेही लगेच ठेवला नाही. आतून काठीचे तीन ठोके आले, थांबून पुन्हा तीन. मग तिने ठेवला.